बोटाच्या टोकावर गिरमिट

मुलांनो, आज आधी एक कोडं घालते. एकच यंत्र आहे. सकाळी ते रस्ता झाडतं. दुपारी जमिनीत खोल खड्डे पाडतं. संध्याकाळी सिमेंटचा जुना ओटा फोडतं आणि जाता जाता झाडाचे ओंडके चिमटीत धरून ट्रकमध्ये टाकतं. इंजिन एकच, चालवणारा माणूसही एकच. आता गंमत अशी, की त्या झाडूला, गिरमिटाला किंवा हातोड्याला स्वतःचं इंजिन नसतं. त्यांना विजेची मोटरही नसते. यंत्रापासून त्यांच्याकडे फक्त दोन जाड रबरी नळ्या गेलेल्या दिसतात. मग या सगळ्यांना हलवतं कोण?

या यंत्राचं नाव स्किड स्टिअर लोडर. तुम्ही ते पाहिलंही असेल. मोठा जेसीबी जिथे शिरू शकत नाही अशा अरुंद गल्लीत, गोदामात किंवा बांधकामाच्या आवारात एखादं ठेंगणं, चौकोनी, चार चाकांचं यंत्र गर्रकन जागच्या जागी फिरताना दिसतं ना, तेच हे. आपल्याकडे त्याला बहुतेक जण ‘बॉबकॅट’ म्हणतात. खरं तर ते एका कंपनीचं नाव आहे, आणि अशी यंत्रं कितीतरी कंपन्या बनवतात. पण वनस्पती तुपाला आपण वर्षानुवर्षं डालडा म्हणत आलो, तसंच हे. भाषेपुढे इलाज नाही!

या यंत्राचा जन्म झाला तो पक्ष्यांची घाण काढण्यासाठी. हसू नका, अगदी खरं आहे. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात रॉथसे नावाचं छोटं गाव आहे. तिथे लुई आणि सिरिल केलर या भावांचं वेल्डिंगचं आणि दुरुस्तीचं दुकान होतं. १९५६ मध्ये एडी व्हेलो नावाचा शेतकरी त्यांच्याकडे आला. तो टर्की पाळायचा. टर्की म्हणजे कोंबडीची थोरली बहीण शोभावी असा भला मोठा पक्षी. त्याची खुराडी दुमजली होती आणि आत जागोजागी खांब होते. ट्रॅक्टर आत वळेना, आणि वरच्या मजल्यावर न्यायचा तर जमीनच खचायची. त्याला हलकं आणि खांबांमधून जागच्या जागी वळणारं यंत्र हवं होतं. भावांनी तीन चाकांचं यंत्र बनवलं आणि फेब्रुवारी १९५७ मध्ये त्याच्या हवाली केलं. पुढे शेजारच्या नॉर्थ डाकोटा राज्यातल्या मेलरो कंपनीने ते बनवायला घेतलं. १९६० मध्ये त्याला चौथं चाक लागलं आणि १९६२ मध्ये ‘बॉबकॅट’ हे नाव मिळालं. बॉबकॅट म्हणजे तिकडचं एक चपळ रानमांजर. या दोघा केलर भावांचं नाव २०२३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधकांच्या मानाच्या यादीत घेतलं गेलं. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानातून तिथवर!

ते वळतं कसं, ते पटकन सांगते. त्याची चाकं सायकलीच्या किंवा मोटारीच्या चाकांसारखी डावी-उजवीकडे वळतच नाहीत. डाव्या बाजूची दोन चाकं एकत्र, उजव्या बाजूची दोन एकत्र. बैलगाडी जागेवर वळवताना गाडीवान एका बैलाला थोपवतो आणि दुसऱ्याला हाकतो, आठवा. इथेही तेच. एक बाजू पुढे आणि दुसरी मागे फिरवली, की चाकं जमिनीवरून घसटत यंत्र भिंगरीसारखं फिरतं. घसटत वळतं म्हणून ‘स्किड स्टिअर’.

आता मूळ कोड्याकडे येऊ या.

या यंत्राच्या पुढच्या दोन हातांना नेहमीचं खोरं, म्हणजे बकेट, लावलेलं असतं. ते काढून तिथे दुसरं अवजार लावता येतं. अवजार पटकन अडकवायची सोय १९७० च्या सुमारास निघाली आणि हे यंत्र खरं बहुरूपी झालं. पण नुसतं अडकवून काय उपयोग? गिरमिट फिरायला हवं, चिमटा मिटायला हवा. ती ताकद तेलातून येते.

इंजिन एक पंप फिरवतं. हा पंप टाकीतलं तेल ओढतो आणि जोराने पुढे ढकलतो. मध्यम आकाराच्या यंत्रात तो मिनिटाला साठ ते सत्तर लिटर तेल ढकलतो, म्हणजे चार-साडेचार घागरी झाल्या. टाकीत तेल काही फार नसतं. तेच तेल फिरून फिरून परत येतं. आणि त्याचा दाब? एका चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे तुमच्या करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर, सुमारे दोनशे किलोपर्यंत. मोटारीच्या चाकात जी हवा भरतात तिच्या दाबाच्या नव्वद-शंभर पट!

दाबाचं हे गणित ब्लेझ पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडलं. त्याचा त्यावरचा ग्रंथ तो वारल्यावर, १६६३ मध्ये छापला गेला. कोंडलेल्या द्रवावर एका जागी दाब दिला, तर तो सगळीकडे सारखाच पोहोचतो, हे त्याचं म्हणणं. आता पाटी-पेन्सिल घ्या. एका नळकांड्याचा आतला व्यास ५ सेंटिमीटर आहे. म्हणजे त्रिज्या २.५ सेंटिमीटर. क्षेत्रफळ ३.१४ × २.५ × २.५, म्हणजे सुमारे १९.६ चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला २०० किलो, तर एकूण जोर ३९२० किलो. जवळजवळ चार टन! तुमच्या मुठीत मावेल एवढ्या तोंडाच्या नळकांड्यातून एवढा जोर निघतो. चिमट्याची बोटं ओंडका कसा सोडत नाहीत, ते आता कळलं ना?

बरं, एवढं तेल सतत धावतंय. त्याला कधी हातांकडे, कधी खोऱ्याकडे, कधी गिरमिटाकडे पाठवायचं काम कोण करतं? ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हे लगेच समजेल. पाटाचं पाणी वाहतच असतं. दारं धरणारा माणूस फावड्याने एका वाफ्याचं दारं फोडतो, दुसऱ्याचं मातीने बंद करतो. पाणी त्याने आणलेलं नसतं, त्याने नुसती वाट बदललेली असते. लोडरमध्ये दारं धरायचं काम करतो एक व्हॉल्व्ह. एका लोखंडी ठोकळ्यात गुळगुळीत भोक आणि त्यात पुढे-मागे सरकणारी एक दांडी. तिला म्हणतात स्पूल. दांडीला जागोजागी खाचा असतात. दांडी मधोमध असली की तेल सरळ टाकीत परत जातं आणि गिरमिट स्वस्थ. दांडी एका बाजूला सरकवली की पहिल्या नळीतून तेल जातं, दुसऱ्या नळीतून परत येतं, आणि गिरमिट जमिनीत शिरायच्या दिशेने फिरतं. दांडी उलट सरकवली की नळ्यांची अदलाबदल होते. दुसरीतून जातं, पहिलीतून येतं आणि गिरमिट उलटं फिरून मातीतून मोकळं होतं. नळ्या दोन का, याचं उत्तर हे. एक जायची, एक यायची. आणि कुठली जायची ते ठरवते ती दांडी.

हातांना एक दांडी, खोऱ्याला दुसरी आणि जादा अवजारासाठी तिसरी. या तिसऱ्या वाटेला ऑक्झिलरी म्हणतात. ऑक्झिलरी म्हणजे जोडीची, मदतनीस. पण मला विचाराल तर या यंत्राची सगळी कमाई याच मदतनिसाच्या जिवावर आहे.

जुन्या यंत्रांत चालवणाऱ्याच्या दोन हातांत दोन उभे दांडे असत. ते पुढे-मागे करून चाकं चालवायची. पायाखाली दोन पेडल. एकाने हात वर-खाली, दुसऱ्याने खोरं वळवायचं. मग जादा अवजारासाठी उरलं काय? दोन हात आणि दोन पाय तर संपले! तेव्हा युक्ती अशी काढली, की उजवा दांडा पुढे-मागे तर हलायचाच, तो डावी-उजवीकडेही हलवता यावा. आडवा ढकलला की आतली स्पूलची दांडी सरकते. म्हणजे एकाच हाताने उजवी चाकंही चालवायची आणि गिरमिटही. रियाज लागतो हो त्याला!

नव्या यंत्रांत दांड्याच्या मुठीवर अंगठ्याजवळ एक छोटी कळ असते. आकाशवाणी संचाचा आवाज कमी-जास्त करायच्या चाकासारखी समजा. अंगठ्याने ती एकीकडे ढकलली की तारेतून निरोप जातो, एक विद्युतचुंबक जागा होतो आणि तोच स्पूल सरकवायची व्यवस्था करतो. कळ थोडी ढकलली तर दार किलकिलं उघडतं, पूर्ण ढकलली तर सताड. समजा, गिरमिटाच्या मोटरला एका फेऱ्याला अर्धा लिटर तेल लागतं. मग मिनिटाला ६० लिटर तेल दिलं तर फेरे किती? १२०. कळ अर्धीच ढकलून ३० लिटर दिलं तर ६०. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, मोठी माणसंही यात गोंधळतात. तेल *किती* येतं त्यावर वेग ठरतो. तेलाचा *दाब* किती त्यावर जोर ठरतो. माती भुसभुशीत असेल तर दाब कमीच राहतो. खाली मुरूम लागला की गिरमिट अडतं, अडलं की दाब चढतो. आणि खडकच लागला तर? दाब चढत चढत ठरलेल्या मर्यादेला गेला, की एक सुरक्षा झडप उघडते आणि तेल मधल्यामध्ये टाकीकडे पळतं. आपल्या कुकरची शिट्टी काय करते? तेच. नाहीतर एखादी नळी तरी फुटेल. तेव्हा एक कर्कश आवाज येतो. चांगला ऑपरेटर तो आवाज ऐकताच हात आखडता घेतो, कारण तसंच रेटलं तर तेल तापत जातं.

आमच्या शाळेच्या कुंपणाचे खांब रोवायचे होते तेव्हा असंच एक यंत्र आलं होतं. मधली सुट्टी होती, म्हणजे सगळी शाळा ओट्यावर! खड्डा खणता खणता ऑपरेटरकाकांनी मुठीवरची आणखी एक कळ बोटाने दाबली आणि अंगठा काढून घेतला. गिरमिट आपलं फिरतंच राहिलं. चौथीतली एक मुलगी मला म्हणाली, “बाई, त्यांनी कळ सोडली तरी ते थांबत का नाही?”

प्रश्न नेमका होता. चिमट्यासारखं अवजार असलं तर कळ दाबेपर्यंत बोटं मिटतात, सोडली की आहेत तिथे थांबतात. तेच हवं असतं. पण झाडू किंवा गिरमिट तासन् तास फिरवायचं तर अंगठा दुखून येईल. म्हणून त्यांच्यासाठी ‘चालूच राहा’ असं सांगणारी वेगळी कळ असते. एकदा दाबली की तेल अखंड जातं, पुन्हा दाबली की बंद. सोयीची आहे, पण धाकधुकीची गोष्टही तीच आहे. कारण आता त्या फिरणाऱ्या पात्याला थांबायचं कारणच उरलेलं नसतं. समोर माती आहे, कुणाचा ओढणीचा शेव आहे की शर्टाची बाही, हे त्याला कळत नाही.

थोड्या वेळाने एक मुलगा चेंडू आणायला ओट्यावरून खाली उतरला. काकांनी काय केलं? त्यांनी मांडीवरचा लोखंडी दांडा वर उचलला. त्या क्षणी गिरमिट थांबलं, हात जागच्या जागी थिजले. सगळं गप्प. मुलगा परत ओट्यावर गेल्यावरच त्यांनी दांडा खाली घेतला.

तो दांडा म्हणजे या यंत्राची कडी. जत्रेतल्या पाळण्यात बसलो की पोटावर आडवी कडी लावतात, तशीच. ती खाली असेल आणि माणूस आसनावर बसलेला असेल, तरच तेलाच्या वाटा उघडतात. या यंत्रात माणूस पुढून, खोऱ्यावरून आत चढतो. म्हणजे उतरताना तो त्या हातांच्या आणि अवजाराच्या ऐन तोंडात असतो. उतरता उतरता कोपर कळीला लागला आणि हात खाली आले तर? म्हणून ही कडी. काही जण घाईत या बंदोबस्ताची तार जोडून टाकतात, म्हणजे कडी वर असली तरी यंत्र चालावं. असं करणाऱ्याला मी हुशार म्हणणार नाही.

काकांनी नंतर मुलांना एक गोष्ट बजावली, तीही सांगते. “मी आत बसलो की या दोन हातांमुळे मला बाजूचं नीट दिसत नाही. तुम्हाला माझे डोळे दिसत नसतील, तर तुम्ही मला दिसत नाही.” आणि काम चालू असताना त्यांना डोळे दिसतील अशा जागीसुद्धा उभं राहायचं नाही. लांब, ओट्यावर. हे पालकांनीही वाचावं. कडेवर मूल घेऊन यंत्राला खेटून उभे राहिलेले बाबा मी कितीदा तरी पाहिले आहेत.

मग त्यांनी गिरमिट काढून खोरं लावलं, तो कार्यक्रम मला सर्वांत आवडला. आधी गिरमिट जमिनीवर आडवं टेकवलं. इंजिन बंद केलं. मग कळ दोन्ही बाजूंना हलवली. इंजिन बंद असताना कळ कशाला? तर नळ्यांत कोंडलेला दाब मोकळा करायला. दाब असेल तर नळ्यांची जोडणी सुटता सुटत नाही, आणि पुन्हा बसता बसत नाही. उन्हातसुद्धा असं होतं बरं का! अवजार मे महिन्याच्या उन्हात पडून राहिलं, की नळीत अडकलेलं तेल तापून फुगतं, त्याला जायला जागा नसते, आणि सकाळी सुटसुटीत निघालेली नळी दुपारी काही केल्या लागत नाही. मग अंगाचा जोर लावून उपयोग नाही, दाबच उतरवावा लागतो.

नळ्यांची तोंडंही दोन प्रकारची असतात, एक नर आणि एक मादी. त्यामुळे चुकून उलटी जोडली असं सहसा होत नाही. जोडण्याआधी काकांनी दोन्ही तोंडं स्वच्छ फडक्याने पुसली. स्पूलची दांडी आणि तिचं भोक यांच्यात केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी फट असते. वाळूचा एक बारीक कण आत गेला, तर तिथे चरा पडायला वेळ लागत नाही.

मी सारखं दोन नळ्या म्हणते आहे. पण त्या गिरमिटाला एक तिसरी, बारीक नळीही होती. मोटरमध्ये तेल दाबाने फिरतं तेव्हा थोडं तेल आतल्या फटींतून झिरपतंच. ते मोटरच्या पोटात साचून राहिलं तर तिथेही दाब चढेल आणि मोटरचं रबरी सील फुटेल. म्हणून ती बारीक नळी झिरपलेलं तेल बिनदाबाचं टाकीत आणून सोडते. साठवणीच्या हौदाला वरच्या अंगाला एक भोक ठेवतात ना, तसंच. सगळ्या अवजारांना ती लागत नाही. चिमट्याला नसते, कारण त्यात फिरणारी मोटरच नाही.

आता एक भीतीची गोष्ट, पण सांगायलाच हवी. नळीला कधी सुईच्या टोकाएवढं भोक पडतं. त्यातून तेल इतक्या बारीक धारेने निघतं, की ते डोळ्यांना दिसतही नाही. कुठून गळतंय म्हणून कुणी नळीवरून हात फिरवला, तर ती धार कातडीतून थेट आत घुसते. दिसायला नुसता ठिपका. टोचल्यासारखं वाटतं आणि माणूस दुर्लक्ष करतो. पण आत गेलेलं तेल मांस कुजवतं, आणि वेळेवर शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागतो. म्हणून जाणकार मेकॅनिक गळती कधी हाताने शोधत नाही. पुठ्ठ्याचा तुकडा नळीजवळ धरतो आणि पुठ्ठ्यावर तेलाचा डाग पडतो का ते बघतो. तुमच्यापैकी कुणाचे बाबा, काका, दादा अशा यंत्रांवर काम करत असतील, तर त्यांना हे माहीत असेलच. तरी एकदा विचारा. आणि असं काही टोचलंच, तर दुखत नसलं तरी त्याच वेळी इस्पितळात जायचं आणि ‘दाबाचं तेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगायचं.

चला, आता हाताने करून बघायचं काम. इंजेक्शनच्या दोन रिकाम्या पिचकाऱ्या घ्या, एक बारीक आणि एक जाड. सलाइनच्या नळीचा वीतभर नवा तुकडा घ्या. जाड पिचकारीत आणि नळीत लाल शाईचं पाणी भरा. बारीक पिचकारीचा दट्ट्या आत ढकलून ठेवा आणि दोन्ही पिचकाऱ्या नळीने जोडा. आता जाड पिचकारीचा दट्ट्या दाबा. बारीक पिचकारीचा दट्ट्या सरकन बाहेर येईल. मग बारीक दट्ट्या दाबा. जाड दट्ट्या हळूहळू सरकेल, पण तो अंगठ्याने अडवायला मित्राला सांगा. कोण जिंकतं ते बघा. मग मुद्दाम नळीत हवेचा एक बुडबुडा ठेवून तोच खेळ पुन्हा खेळा आणि दट्ट्या दाबताना हाताला काय फरक जाणवतो ते मला पत्राने कळवा. पिचकाऱ्या औषधांच्या दुकानातून नव्याच आणायच्या, दवाखान्यातल्या टाकलेल्या उचलायच्या नाहीत. आणि सुया दुकानदाराकडेच राहू द्यायच्या.